लायन बिअर नेमकी कधीची? कसौली, डायर आणि सालांचा गुंता

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. उत्तर भारतात आणि सैन्याच्या सीएसडी कॅन्टीनमध्ये स्वस्तात मिळणारी लायन ही 'आशियातली पहिली बिअर' आहे, असं तुम्ही बऱ्याच ठिकाणी वाचलंत. तिचं साल मात्र कुठे १८२०च्या दशकातलं, कुठे १८३०, कुठे १८४० आणि कुठे १८५५ असं मिळालं. संस्थापकाचं नाव सगळीकडे एकच, एडवर्ड डायर, म्हणजे जालियनवाला बागेत गोळीबार करवणाऱ्या डायरचे वडील. तुम्हाला प्रश्नमंजुषेसाठी एक पक्कं साल हवंय. शिवाय 'लायन जनरल डायरनेच काढली' हे जे वाक्य फिरतंय, ते खरं की खोटं हेही विचारलंय.

सरळ उत्तर आधी. हिमाचलातल्या कसौलीच्या ब्रुअरीसाठी, म्हणजे बिअरच्या कारखान्यासाठी, १८५५ धरा. १८२० आणि १८३० सोडून द्या, ती सालं टिकतच नाहीत. १८४० कुणी सांगितलं तर पुरावा मागा. आणि जनरल डायरने ही बिअर काढलेली नाही. पण ही उत्तरं नुसती पाठ करून उपयोग नाही, कारण प्रश्नमंजुषेत कुणीतरी मोबाइलवर दुसरं साल दाखवणारच. म्हणून मी या सालांपर्यंत कसा पोहोचतो ते सविस्तर सांगतो.

जुन्या उद्योगांचे इतिहास लिहून देणं हा माझा व्यवसाय आहे. शताब्दी, अमृतमहोत्सव, कधी बोधचिन्हाच्या मालकीचा वाद, अशा निमित्ताने लोक येतात. या कामात स्थापनेच्या सालाइतका वाद दुसऱ्या कशावरच होत नाही. कारण धंद्याला एकच जन्मतारीख नसते. जागा घेतली ते साल वेगळं, पहिला माल निघाला ते वेगळं, भागीदारीचं वेगळं, कंपनी म्हणून नोंदणी झाली ते वेगळं, आणि आज ज्या नावाने माल विकला जातो ते नाव पहिल्यांदा बाटलीवर लागलं ते तर आणखी वेगळं. यातलं प्रत्येक साल खरं असू शकतं. घोळ होतो तो सगळ्यात जुनं साल उचलून सगळ्यात नव्या गोष्टीला लावल्यावर. लायनच्या बाबतीत नेमकं हेच झालंय असं माझं ठाम मत आहे.

आता एकेक साल तपासू. '१८२०च्या दशकाच्या शेवटी एडवर्ड डायर इंग्लंडहून आले आणि त्यांनी कसौलीत ब्रुअरी काढली' हे वाक्य शब्दशः उचलून पुढे पुढे पाठवलं गेलंय. एडवर्ड अब्राहम डायर यांचा जन्म १८३१चा, आणि तोही कलकत्त्याचा. त्यांचं कुटुंब आधीच हिंदुस्थानात होतं. म्हणजे जो माणूस जन्मलाच नव्हता, त्याच्या नावावर ब्रुअरी चढवली गेली आहे. १८३० सालही याच कारणाने बाद होतं. १८४० मध्ये ते नऊ वर्षांचे होते. १८५५ मध्ये चोविशीतले. त्या काळी या वयात धंदा उभा करणं अजिबात विशेष नव्हतं. पुढचा हिशोबही जुळतो: त्यांचा मुलगा रेजिनाल्ड, म्हणजे जालियनवाला बागेतला डायर, १८६४ मध्ये मरीला (आजच्या पाकिस्तानातलं डोंगरी ठाणं) जन्मला.

दुसरा पुरावा व्यक्तीचा नाही, जागेचा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. इंग्रज-नेपाळ युद्धानंतर कंपनी सरकारची फौज या भागात आली ती कसौलीजवळच्या सबाथूला. कसौलीची छावणी वसली १८४२ मध्ये, बिजा संस्थानाकडून जमीन घेऊन. सनावरची लॉरेन्स शाळा १८४७ची. त्याआधी कसौलीत गोरी वस्तीच नव्हती, तर बिअर कुणासाठी काढणार? कोणत्याही जुन्या कारखान्याचं साल तपासताना मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो: त्या वर्षी तिथे गिऱ्हाईक होतं का? कागद हरवतात, आठवणी बदलतात, पण गिऱ्हाइकाशिवाय कारखाना चालत नाही. या कसोटीवर १८४०सुद्धा लंगडं पडतं, कारण तेव्हा छावणी व्हायला दोन वर्षं बाकी होती.

मग १८३० हे साल आलं कुठून? इथे माझा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्या. १८३० मध्ये मसुरीला हेन्री बोल नावाच्या माणसाने ब्रुअरी काढल्याची माहिती मसुरी-देहरादूनच्या जुन्या वर्णनांत येते. हा मेरठचा व्यापारी. खोट्या परवानग्या घेऊन येणाऱ्या शिपायांना बिअर विकल्यावरून त्याचं तिथल्या लष्करी अधिकाऱ्याशी वाजलं, कारखाना बंद पडला, १८३४ च्या सुमारास पुन्हा सुरू झाला, आणि पुढे तो मॅकिनन नावाच्या दुसऱ्या मालकाकडे गेला. म्हणजे 'हिमालयातली पहिली ब्रुअरी, १८३०च्या आसपास' ही गोष्ट खरी आहे, पण ती मसुरीची आहे. हिमालय, इंग्रज, पहिली ब्रुअरी एवढं लक्षात राहिलं आणि गावाचं नाव बदललं, असं होणं फार सोपं आहे. मसुरीची ती ब्रुअरी आज चालू नाही, तिच्या नावाची बाटली बाजारात नाही, त्यामुळे तिच्या वतीने बोलणारं कुणी उरलेलं नाही. कसौलीचा वारसा सांगणारी कंपनी मात्र आजही उभी आहे. जो टिकतो त्याच्याकडे दुसऱ्याचा इतिहासही आपोआप जमा होतो, हे मी इतर धंद्यांतही पाहिलंय. मसुरीच्या त्या विसरलेल्या कारखान्याचं श्रेय त्याला मिळावं असं मला मनापासून वाटतं.

यावरून 'आशियातली पहिली' या दाव्याचंही उत्तर मिळतं. बिअर हा पदार्थ म्हणून पाहिला तर मेसोपोटेमियाही आशियातच आहे, आणि तिथे ती हजारो वर्षं जुनी. युरोपीय पद्धतीच्या ब्रुअऱ्या एवढंच धरलं, तर कसौली नक्कीच फार जुन्यांपैकी आहे. योकोहामाची स्प्रिंग व्हॅली १८७०ची, मनिलाची सान मिगेल १८९०ची, चीनची त्सिंगताओ १९०३ची. या सगळ्यांच्या आधी कसौली. पण मसुरी तिच्याही आधी. म्हणून मी 'आशियातल्या सर्वांत जुन्या ब्रुअऱ्यांपैकी एक' असं लिहितो. हे वाक्य कुणी खोडून काढू शकत नाही, आणि त्यात अभिमान वाटण्यासारखंही पुष्कळ आहे.

डोंगरात ब्रुअरी का, हे समजलं की १८५५ का पटतं तेही कळेल. त्या काळची बिअर म्हणजे एल हा प्रकार. सातूचा माल्ट करायचा, गरम पाण्यात त्याचा गोड अर्क काढायचा, हॉप्स (कडवट चवीची वेलीची फुलं) घालून उकळायचा, थंड करायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. एलचं यीस्ट साधारण १५ ते २० अंशांत नीट काम करतं. आंबताना मिश्रण स्वतःही तापतं. मैदानी मुलखातल्या उन्हाळ्यात, यंत्राने थंडावा निर्माण करण्याची सोय नसताना, हाती चांगली बिअर लागणं अवघड होतं. ती आंबट व्हायची, बिघडायची. कसौलीची उंची १८०० मीटरच्या वर, म्हणजे हवाच शीतगृहाचं काम करायची. विलायती बिअर हिंदुस्थानात येत होतीच, आधी लंडनच्या हॉजसनची आणि मग इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ब्रुअऱ्यांची. पण ती कलकत्त्याला उतरायची, आणि तिथून नदीने, बैलगाडीने वर पंजाबच्या डोंगरापर्यंत पोहोचेतो किती महाग पडत असेल ते बघा. कालक्याला रेल्वे आली १८९१ मध्ये, तिथून शिमल्याला १९०३ मध्ये. १८५५ मध्ये छावणीच्या उशाशी बिअर बनवणाऱ्याला त्यामुळे भावाचा मोठा फायदा होता. १८४९ मध्ये पंजाब खालसा होऊन या भागातल्या छावण्या वाढल्या होत्या, आणि १८५७ नंतर गोऱ्या फौजेचं प्रमाण मुद्दाम वाढवलं गेलं. १८६० मध्ये मरीची ब्रुअरी निघाली, तिथेही एडवर्ड डायर होतेच. पुढे डायर यांनी सोलन, लखनौ, ब्रह्मदेशात मंडाले अशा ठिकाणी पसारा वाढवला. कसौलीतलं पाणी अपुरं पडू लागल्यावर बिअरचं काम सोलनच्या झऱ्यांकडे हलवलं आणि कसौलीच्या जागेत डिस्टिलरी, म्हणजे दारू गाळण्याचा कारखाना, सुरू झाली. कालका-शिमला मार्गावर 'सोलन ब्रुअरी' नावाचं स्टेशन आजही आहे. तेव्हा 'कसौलीची ब्रुअरी आजही बिअर बनवते' असं कुणी सांगितलं तर तेही दुरुस्त करा. वारसा कसौलीचा आहे, बिअरचं काम मात्र फार पूर्वीच सोलनला गेलं.

आता बिअरच्या नावाकडे वळू. माझ्या दृष्टीने खरा वाद इथे आहे. ब्रुअरी १८५५ची मानली म्हणून 'लायन' हे नावही १८५५चं ठरत नाही. त्या काळी फौजेला बिअर पिंपांतून जायची. शिपाई कॅन्टीनमध्ये मगभर बिअर घ्यायचा, त्याला लेबल दिसायचंच नाही. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला, त्यानंतर बाटल्या हळूहळू स्वस्त झाल्या. व्यापारचिन्हाची नोंदणी इंग्लंडमध्ये १८७५च्या कायद्याने आली, आणि १ जानेवारी १८७६ला पहिल्या क्रमांकावर नोंदलं गेलं ते बास बिअरचं लाल त्रिकोणाचं चिन्ह. हिंदुस्थानात व्यापारचिन्हाच्या नोंदणीचा कायदा आला १९४० मध्ये. त्याआधी जाहिराती, लेबलं, कोर्टातले वाद आणि निबंधकाकडे नोंदवलेली मालकीची निवेदनं, एवढ्यावरच भागवावं लागतं. 'लायन १८४०च्या दशकापासून १९६०च्या दशकापर्यंत देशात पहिल्या क्रमांकाला होती' असंही छापलेलं सापडतं. १८४०च्या दशकात देशभराची बिअरविक्री ब्रँडनुसार मोजणारी यंत्रणाच नव्हती, मग हा क्रमांक काढला कुणी? स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळाबद्दल असं काही म्हणता येईल. त्याच्या मागे ते ओढत नेणं मला मान्य नाही.

याच दाव्याचं एक भावंड आहे: न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि श्रीलंकेतल्या लायन बिअर या कसौलीच्या लायनची लोकप्रियता पाहून निघाल्या. यावर मी विश्वास ठेवत नाही. सिंह हे इंग्रजी राजचिन्ह. लंडनमध्ये टेम्सच्या काठी, लॅम्बेथला, लायन ब्रुअरी नावाचाच मोठा कारखाना होता. त्याच्यासाठी घडवलेल्या कोड स्टोन या कृत्रिम दगडाच्या सिंहावर १८३७ साल आहे, आणि तो सिंह आज वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाला उभा आहे. साम्राज्याच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या ब्रुअरीवाल्याला सिंहाचं चित्र सुचायला कसौलीची गरज नव्हती. श्रीलंकेचं प्रकरण थोडं वेगळं. नुवारा एलियाची सिलोन ब्रुअरी १८८१ची, आणि तिचा हिंदुस्थानातल्या या मंडळींशी संबंध होता असं सांगतात. तिथे नाव इथून गेलं असण्याची शक्यता मी नाकारत नाही. पण नाव सारखं असणं हा काही नात्याचा पुरावा होत नाही. माझ्या कामात एकाच देवाच्या नावाची, एकमेकांशी काहीही संबंध नसलेली दुकानं एका बाजारपेठेत कितीतरी भेटतात.

कंपनीच्या सालाचा शोध त्यामानाने सोपा आहे, आणि ही युक्ती तुम्हाला इतरत्रही उपयोगी पडेल. भारतातल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला २१ अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असतो. त्यात राज्याच्या दोन अक्षरांनंतर जे चार आकडे येतात, ते नोंदणीचं साल. लायनची मालक असलेल्या मोहन मीकिनच्या क्रमांकात तिथे १९३४ आहे. याचा अर्थ १८५५चा दावा खोटा आहे असा नाही. मधल्या घडामोडी अशा: बर्टनच्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातले एच. जी. मीकिन यांनी १८८७ मध्ये डायर यांच्याकडून शिमला आणि कसौलीच्या ब्रुअऱ्या घेतल्या, आणि राणीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग, तसंच आपल्या पुण्याजवळच्या खडकीलाही ब्रुअऱ्या काढल्या. पहिल्या महायुद्धानंतर डायर आणि मीकिन एकत्र आले. १९३०च्या दशकात, ब्रह्मदेश वेगळा होण्याच्या सुमारास, कंपनीची नव्याने घडी बसली. १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांनी ती हाती घेतली, पुढे गाझियाबादजवळ मोहननगर उभं राहिलं, आणि १९६०च्या दशकात डायर हे नाव जाऊन मोहन आलं. तेव्हा 'धंद्याची परंपरा १८५५पासून' हे म्हणता येतं, 'कंपनी १८५५ची' हे कायद्याच्या भाषेत बरोबर नाही. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीची सोय करणारा कायदाच हिंदुस्थानात १८५७ मध्ये आला.

आणि चव? ती तर नक्कीच बदलली. डोंगरातल्या त्या ब्रुअऱ्या एल बनवायच्या. आजची लायन लागर आहे: वेगळं यीस्ट, जास्त थंडाव्यात आंबवणं, जास्त दिवस मुरवणं. 'तीच जुनी पाककृती' असं कुणी म्हटलं तर ते मानू नका. बाजारातली जागाही बदलत गेली. आधी त्याच घरातल्या गोल्डन ईगलने लायनला मागे टाकलं, मग किंगफिशर पुढे गेली. एक काळ असा आला की लायन जवळजवळ फक्त सैन्याच्या कॅन्टीनपुरती उरली. २००० नंतर ती उत्तरेतल्या खुल्या बाजारात पुन्हा आणली गेली. स्वस्त बिअर म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. एवढे मालक, एवढ्या सीमा आणि दोन महायुद्धं पार करून एखादं नाव टिकतं, तेव्हा त्याचा खरा इतिहास नीट लिहिला जायलाच हवा.

आता डायरबद्दल. रेजिनाल्ड डायर सैन्यात गेला, वडिलांच्या धंद्यात नाही. १३ एप्रिल १९१९ला त्याने अमृतसरमध्ये जे केलं त्याला माफी नाही. पण १८५५ मध्ये त्याचा जन्मही झाला नव्हता, आणि आजची कंपनी तर १९४९पासून भारतीय मालकीची आहे. 'ही बिअर प्यायली की डायरला पैसे जातात' अशा अर्थाचे जे संदेश फिरतात, त्यांनी इतिहासाचंही नुकसान होतं आणि जालियनवालाच्या हुतात्म्यांची आठवणही स्वस्त होते. वडील-मुलाचं नातं खरं आहे, ते जरूर सांगा. त्याच्या पुढचं काही जोडू नका.

तुम्ही काय लिहावं हे तुमच्या कामावर अवलंबून आहे. प्रश्नमंजुषेत 'लायन बिअर कोणत्या साली सुरू झाली?' असा प्रश्न ठेवू नका, त्यावर भांडण ठरलेलं. त्याऐवजी विचारा: 'एडवर्ड डायर यांनी १८५५ मध्ये हिमालयातल्या कोणत्या छावणीच्या गावी ब्रुअरी सुरू केली?' उत्तर एकच, कसौली. लेख लिहिणार असाल तर मसुरीचा उल्लेख केल्याशिवाय 'पहिली' हा शब्द वापरू नका. आणि कुणी हे साल एखाद्या उत्पादनाच्या जाहिरातीत छापणार असेल, तर माझ्या उत्तरावर विसंबू नका. मूळ कागद पाहिल्याशिवाय आणि वकिलाला दाखवल्याशिवाय छापू नका.

माझं मत बदलू शकेल असा पुरावाही सांगून ठेवतो. १८४० ते १८७० मधल्या 'दिल्ली गॅझेट' किंवा 'मफस्सलाइट'सारख्या वृत्तपत्रात कसौलीच्या बिअरची सिंहाच्या चिन्हासह जाहिरात मिळाली, तर लायन नावाचं वय मी त्या तारखेपर्यंत मागे नेईन. थॅकरच्या जुन्या निर्देशिका, शिमला जिल्ह्याचं गॅझेटियर आणि छावणीचं दप्तर ही पुढची ठिकाणं. नुसती जुनी बाटली कुणी दाखवली तर तिचं तोंड आधी बघा. आज सोड्याच्या बाटलीला असतं तसं दातेरी पत्र्याचं बूच बसवण्यासाठी ते घडवलेलं असेल, तर ती बाटली १८९२च्या आधीची असू शकत नाही, कारण त्या बुचाचं पेटंटच त्या वर्षीचं आहे. आणि खडकी-दापोडी भागात कुणाच्या घरी मीकिन हे नाव काचेत उठवलेली बाटली असेल, तर तोंडाचा, तळाचा आणि बाजूच्या साच्याच्या रेघेचा असे तीन फोटो इथे टाका. मी पाहून सांगतो.